दोन दाबलं की जोस्ना

कॉलेजची ती वर्षं आठवायला बसले की इमारत आणि माणसं नंतर येतात, आधी भीती येते. यवतमाळच्या इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शाखेला माझा नंबर लागला तेव्हा गावात पेढे वाटले गेले, आणि जिच्या नावाने ते वाटले ती मोरीत जाऊन ओकत होती. कॉम्प्युटर मी तोवर मारेगावच्या झेरॉक्सच्या दुकानात, काउंटरच्या अलीकडून पाहिलेला. वर्गातल्या नागपूर-अमरावतीच्या पोरी लॅबमध्ये खुर्ची ओढून बसत आणि गप्पा मारत मारत टाइप करत. मी एका बोटाने अक्षर शोधायची आणि ते सापडेपर्यंत पुढचं विसरून जायची. चुकीचं बटण दाबलं तर मशीन जळेल आणि मला त्याच दिवशी घरी पाठवतील, अशी माझी पक्की समजूत होती. स्क्रीनवर एरर आली की मी ती वाचायच्या आधी मान फिरवून कोणी पाहिलं तर नाही ना, ते बघायची. आता मी एका पॉलिटेक्निकमध्ये हाच विषय शिकवते. पहिल्या वर्षाच्या वर्गात एखादं पोरगं असं मान फिरवताना दिसलं, की मी मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभी राहते.

कागदावरचं मला जमत होतं. रडत-रखडत का होईना, पाठ करून, समजून घेऊन मी पास होत होते. जीव जायचा तो तोंडी परीक्षेत, व्हायवात. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक येत, त्यांना सगळे एक्स्टर्नल म्हणत, आणि ते समोर बसले की माझ्या जिभेला कुलूप लागे. घरी वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी आणि इथे इंग्रजी, अशा तीन खोल्या ओलांडून शब्द बाहेर यायचा, तोवर सर पुढच्या प्रश्नावर गेलेले असत. पहिल्याच वर्षी एका एक्स्टर्नलनी विचारलं, लूप म्हणजे काय? मला उत्तर येत होतं. तोंडातून निघालं, "सर, ते फिरून राह्यते." लॅब हसली, सरही हसले, आणि पुढे वर्षभर पोरं मला व्हरांड्यात पाहिलं की "ते पाहा, फिरून राह्यते" असं म्हणत. तेव्हापासून व्हायवाच्या आदल्या दिवशी मला जेवण जात नसे.

माझ्या खोलीत कविता राठोड होती म्हणून मी टिकले. ती दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरची. घरच्यांशी गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत बोलायची, माझ्याशी वऱ्हाडीत, घरमालकिणीशी हिंदीत. तिला भाषेचं काहीच वाटत नसे. इंग्रजी मोडून-तोडून रेटायची आणि वर समोरच्यालाच विचारायची, "समजलं ना, सर?" तिची याडी, म्हणजे आई, कधी डबा पाठवायची त्यात जाडजूड भाकरी आणि लसणाची चटणी असे, आणि ती चटणी खाताना आम्ही दोघी डोळे पुसत पुसत डेटा स्ट्रक्चर पाठ करत असू. माझ्या भित्रेपणाची तिने मनसोक्त टिंगल केली, पण व्हायवाच्या दिवशी माझ्या बाजूलाच उभी राहायची.

तर सोमवार ते शुक्रवार हे भेव. शनिवारी मी गावी जायची, आणि तिथे दुसरं होतं.

आमचं गाव मारेगावच्या पुढे, फाट्यावरून आत. पांढरकवड्याच्या बाजूचं जंगल सरकत सरकत आमच्या शिवाराला टेकलेलं. रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं तर आमच्या पिकांवरच पोसलेली, त्यांचं कोणाला काही वाटत नसे. पण मी तिसऱ्या वर्षाला असताना त्यांच्या मागोमाग तो आला. आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत. 'मोठं जनावर' म्हणतात, नाहीतर नुसतंच 'ते'. "ते काल नाल्यात पाणी प्याले आल्तं," असं कोणी म्हटलं की बैठकीतलं बोलणं तिथेच थांबे. आधी गाई-गोऱ्हे गेले. मग शेजारच्या गावातली एक बाई सरपणाला गेली ती परत आली नाही. फारेस्टवाले येऊन सांगून गेले, एकटं जाऊ नका, वाकून काम करू नका. वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही म्हणे. न वाकता निंदण कसं करायचं आणि मोहफुलं कशी वेचायची, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

शनिवारी बस मला फाट्यावर सोडे तेव्हा बाबा काठी घेऊन उभे असत. दोघांनी मधोमध रस्त्यातून चालायचं आणि मोठ्याने बोलायचं, असा नियम होता. बाबा मुळात अबोल माणूस. त्यांना मोठ्याने काय बोलावं सुचत नसे, म्हणून ते मला अभ्यासाचं विचारत. "मंग, काय शिकोलं या हप्त्यात?" असं ते ओरडून विचारत आणि मी त्या सुनसान रस्त्यावर, दोन्ही बाजूंच्या पळसांकडे बघत, ओरडून ऑपरेटिंग सिस्टिम सांगायची. वांदर खेकसलं की आमचे दोघांचेही पाय थबकत. एक्स्टर्नलसमोर न निघणारा आवाज तिथे बरोबर निघायचा.

घरी आलं की माय आधी माझ्या चेहऱ्याकडे बघून हसायची. "आली पाह्य, थरथर कापत. हिले त सावलीचंही भेव." चुलीवर कढीगोळे रटरटत असत, नाहीतर ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी, तव्यावर ज्वारीची भाकर, आणि पाट्यावर जवसाची चटणी. मायचा हात चालू असे आणि तोंडही. ती बोलत असली की घर भरल्यासारखं वाटे. काकूशी भांडत असली तरी वाटे. ती कशालाच भीत नाही अशी माझी लहानपणापासूनची खात्री होती. घरात निघालेला साप चिमट्याने धरून बाहेर टाकणारी बाई ती. मी विचारलं, "माय, तुले भेव नाही लागत काय वं वावरात?" तर म्हणाली, "भेव लागलं त मोह कोण येचंन? ते येचंन काय?" सरपणाला गेलेल्या त्या बाईचं झाल्यानंतर बाबांनी मात्र वणीला जाऊन मायसाठी एक लाल रंगाचा साधा फोन आणला. मायला अक्षरओळख नव्हती. बाबांनी त्यात सोय करून दिली होती की दोनचं बटण दाबून धरलं की मला फोन लागायचा. एकचं बटण कंपनीने स्वतःसाठी अडवून ठेवलेलं होतं. फोन पोलक्यात ठेवून माय शेजारणींना सांगत फिरली, "माह्या फोनात दोन दाबलं की जोस्ना निंगते."

त्यानंतर रोज दुपारी मला तिचा मिस कॉल येऊ लागला. एक घंटी वाजवायची आणि बंद करायचं, म्हणजे मी उलट फोन करायचा. हे काही तिनेच शोधलेलं नव्हतं, अख्खं गाव असंच बोलायचं. बस आली, एक घंटी. सासरी पोचली, एक घंटी. धुऱ्यावर भाकर खायला ये, एक घंटी. आमच्या घरात रेंज नव्हती, गावातच नव्हती. वावरात, धुऱ्यावर म्हणजे बांधावर उभं राहिलं की यायची. त्यामुळे दुपारी भाकर सोडायच्या वेळी माय धुऱ्यावर जाऊन दोन दाबायची आणि मी कँटीनमागच्या लिंबाखाली जाऊन तिला फोन लावायची. "जेवली काय?" "जेवली." "काय खाल्लं?" यापलीकडे फारसं काही नसे. पण त्या वेळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा आणि नंतर असायचा, एवढं खरं.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा सगळे लायब्ररी मॅनेजमेंट आणि पगारपत्रक घेत होते. त्यातच एका दुपारी मायच्या घंटीवर मी उलट फोन लावला, तो वाजत राहिला आणि मायने उचलला नाही. मी लिंबाखाली बसून रडले. कविता शेजारी बसून शेंगदाणे खात होती. मायने अर्ध्या तासाने घंटी दिली, ती पाणी प्यायला गेली होती. तेव्हा कविता म्हणाली, "तुमच्या गावाले मिस कॉल देता येते ना? मंग तेच करू आपण." तिची कल्पना सोपी होती. कॉलेजच्या कॉम्प्युटरला एक मोडेम जोडायचं, त्यात मोबाइलचं सिम घालायचं. गावातल्या कोणालाही ते जनावर दिसलं की त्याने त्या नंबरवर मिस कॉल द्यायचा. आमचा प्रोग्राम तो फोन कोणाचा आहे ते बघेल, फोन लगेच कापेल म्हणजे लाइन मोकळी, आणि गावातल्या सगळ्या फोनवर मेसेज पाठवेल, की अमक्याच्या वावराकडे जनावर आहे, घरी चला. गाइड सरांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, करा.

नवं सिम आणायचं तर गावभर नवा नंबर पाठ करवावा लागला असता. माझा नंबर सगळ्यांकडे होताच. म्हणून माझंच सिम मोडेममध्ये गेलं आणि मी दुसरं घेतलं. मायच्या फोनात काही बदलावं लागलं नाही, याचं आम्हाला तेव्हा फार बरं वाटलं. मी तिला समजावलं, "आता दोन दाबाचं नाही. ते दिसलं तरच दाबाचं. दुपारी मीच तुले फोन करत जाईन." माय म्हणाली, "म्हंजे दोन दाबलं त तू नाही निंगनार?" मी म्हटलं, कंपुटर निघेल. तिला ते आवडलं नाही. पण तिने ऐकलं, आणि दुपारची घंटी बंद झाली.

पहिला मेसेज आम्ही देवनागरीत पाठवला तो गावातल्या फोनांवर नुसता चौकटी-चौकटी उमटला. मग रोमन अक्षरांत केला. कविताने त्यात 'वाघ' लिहिलं होतं, मी ते काढून 'मोठं जनावर' केलं. ती म्हणाली, फोनमधून ऐकू जाते काय त्याला? मी म्हटलं, तू आमच्या गावची नाहीस. तसंही वाचणारे थोडेच होते. जोस्नाच्या नंबरवरून टुंग झालं की टोपलं टाकून घरी यायचं, एवढं सगळ्यांना समजलं होतं. आणि मग जे व्हायचं तेच झालं. आमचे चुलत काका वणीच्या बसस्टँडवर होते. बस किती वाजता आहे ते कॉम्प्युटरवर पाहून सांग, म्हणून त्यांनी सवयीने मला एक घंटी दिली. अख्खं शिवार घरी पळालं. एका म्हातारीचा पाय मुरगळला, एकीचं टोपलं नाल्यात गेलं, आणि काका संध्याकाळी आरामात बसमधून उतरले तेव्हा त्यांना पारावर जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. हे ऐकून गाइड सर गंभीर झाले. म्हणाले, "खोटा अलार्म आला तर तुमची सिस्टिम काय करणार? एक्स्टर्नल हेच विचारतील. उत्तर तयार ठेवा."

तोंडी परीक्षा मोहाच्या हंगामात आली. एक्स्टर्नलना दुपारची गाडी धरायची होती म्हणून सकाळीच सुरू करायचं ठरलं, आणि आमचा गट पहिला. मी पोटात काही न घालता उभी होते. कविताने तिच्या ओढणीने माझं कपाळ पुसलं. एक्स्टर्नल वयाने मोठे, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्याचीही मला भीती वाटली. कविताने सिस्टिम कशी चालते ते सांगितलं, माझ्या वाट्याला प्रोग्राम होता. मी पहिलं वाक्य इंग्रजीत उच्चारलं, दुसरं अर्ध्यात सांडलं. गाइड सर खाली बघू लागले. ठरल्याप्रमाणे कविता आता स्वतःच्या फोनवरून मिस कॉल देऊन दाखवणार होती. तिने पर्स उघडली, आणि त्याआधीच मोडेमचा दिवा लुकलुकला.

स्क्रीनवर एक नंबर उमटला. त्याच्याखाली आमचाच प्रोग्राम एकेक ओळ लिहीत गेला. फोन आला. फोन कापला. मेसेज पाठवत आहे. मग गावातल्या माणसांची नावं एकामागून एक सरकू लागली. "अरे वा," एक्स्टर्नल पुढे झुकले, "गावातून खराच कॉल आला की काय?" गाइड सरांचा चेहरा उजळला. मागे उभी असलेली पोरं टाळ्या वाजवू लागली. मला तो नंबर वाचायची गरज नव्हती. तो मायचा होता.

मला त्या क्षणी काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. समोर माणसं टाळ्या वाजवत होती आणि मला आमचं वावर दिसत होतं, मोहाची झाडं, खाली वाकलेली माय. काकांसारखी ती चुकणारी नव्हती. तिला एकदा सांगितलं होतं, तेव्हापासून तिने एकदाही दोन दाबलं नव्हतं. सगळी नावं सरकून संपली तेव्हा कुठे मी माझ्या फोनवरून तिला लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बाबांना लावला. बाहेर. काकू, सरपंच, शेजारचे, सगळे बाहेर. मग कळलं. मेसेज मिळाल्यावर सगळे गावात धावले होते, आणि गावात रेंज नव्हती. आमची सिस्टिम जितकी चांगली चालली, तितकं अख्खं गाव माझ्या हातातून निसटलं.

एक्स्टर्नल कौतुकाने विचारत होते, "आता मला सांगा, हा अलार्म खरा की खोटा, हे तुमच्या सिस्टिमला कसं कळतं?" हाच तो प्रश्न. मी त्यांच्याकडे पाहिलं. इंग्रजी नाही, पुस्तकी मराठी नाही, जे होतं ते निघालं. "नाही कळत, सर. मलेही नाही कळून राह्यलं. तो नंबर माह्या मायचा हाये." लॅबमध्ये कोणी हसलं नाही. सरांनी पेन खाली ठेवलं. "मग इथे काय उभ्या आहात?" ते म्हणाले, "जा." कविताने माझी बॅग उचलली होतीच.

यवतमाळहून पांढरकवडा, करंजी, मारेगाव. तो रस्ता मी शेकडो वेळा केला असेन, पण त्या दिवशीची बस प्रत्येक झाडाखाली थांबत होती. कंडक्टर एका बाईशी कोंबड्यांच्या तिकिटावरून वाद घालत होता. मी फोन लावत होते आणि फोनमधली बाई तेच सांगत होती, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. कविताने पहिल्यांदा माझी टिंगल केली नाही. तिने माझा हात आपल्या मांडीवर घेऊन ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. करंजीला मी तिला विचारलं, "काही झालं असंन त काय करू?" ती म्हणाली, "झालं असंन त झालं असंन. तू आधी पोच." वाईट उत्तर होतं, पण दुसरं कोणतं देणार होती ती? फाट्यावर बाबा नव्हते. ते नसणार हे मला माहीत होतं, मी यायची कोणाला खबर नव्हती, तरी उतरल्यावर आधी मी त्यांचीच जागा बघितली. आम्ही दोघी मधोमध रस्त्यातून चाललो. मोठ्याने बोलायचा नियम मी कविताला सांगितला. ती मोठ्याने गोरबोलीत काहीतरी बोलत राहिली, मला एक अक्षर समजलं नाही, आणि मी रडत रडत हो हो म्हणत राहिले.

पारावर गर्दी होती. मला बघून माणसं उठली. आमच्या काकूने लांबूनच ओरडून सांगितलं, "हाये, हाये! घरी हाये तुही माय!" आणि मी तिथे मातीत बसले. मग सगळे एकदम बोलू लागले. ते आलं होतं. खरंच आलं होतं. आमच्या धुऱ्यावरून नाल्याकडे गेल्याचे पंजे बाबा आणि फारेस्टचा गार्ड बघून आले होते. त्याच नाल्याच्या काठाने पाच-सहा बाया मोह वेचत होत्या. टुंग झालं तशा त्या पांदणीने, वावरांमधल्या वाटेने, निघाल्या, म्हणून वाचल्या. "पोरीच्या कंपुटरनं वाचवलं," काका म्हणाले. आजवर मला नावं ठेवणारी म्हातारी मुरगळलेला पाय ओढत आली आणि माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. कविता माझ्याकडे बघून हसली. गावाने आम्हा दोघींना पाणी दिलं, गूळ दिला. मी एवढी मोठी आयुष्यात कधी झाले नव्हते.

माय घरात भिंतीला टेकून बसली होती. चूल पेटलेली नव्हती. ती बोलत नव्हती. मी तिला मिठी मारली तर अंग बर्फासारखं लागलं. कविता तिच्या पाया पडली, तेव्हा तिने तिच्या डोक्यावर हात ठेवला. काकूने चहा केला तो तिने धरून ठेवला. दिवस कलल्यावर कविता काकूबरोबर अंगणात गेली, तेव्हा मी तिच्याजवळ सरकले. म्हटलं, "माय, तू दोन दाबलं म्हून सगळे वाचले. एक्स्टर्नलसमोरच आला तुहा फोन."

तिने चहा तसाच खाली ठेवला. मग म्हणाली, "म्या त्यायच्यासाठी नव्हता केला."

"मंग?"

"मी वाकली व्हती. वर पाह्यलं त ते समोर. त्या दुसऱ्या झाडाखाली बसून मले पाहून राह्यलं व्हतं. केव्हापासून पाहून राह्यलं व्हतं काय मालूम. मी हळूच उभी झाली. पाय उचलत नव्हते माहे, जोस्ना. मले वाटलं, सरलं आता. मले गावाची नाही आठवण आली अन् तुह्या कंपुटराची बी नाही. तुहा आवाज आयकाव वाटला. म्हून दोन दाबलं."

मी तिचा हात धरला.

"घंटी वाजली," ती म्हणाली, "अन् तू कापला."

मी घाईघाईने सांगू लागले, की ती मी नव्हते, ते मशीन आहे, त्याला तसंच करायला शिकवलेलं आहे, तू आहेस हे त्याला कळत नाही. माझ्याच तोंडून निघालेलं मला ऐकवेना. फोन आला की कापायचा, ही ओळ मी लिहिली होती. त्या प्रोग्रामातली पहिल्या फटक्यात बरोबर चाललेली माझी तेवढीच ओळ होती. माय ऐकत होती. ते नंतर आपणच उठून नाल्याकडे गेलं, एवढं तिने मधेच सांगितलं. तिने मान हलवली, जशी ती मला बरं वाटावं म्हणून नेहमी हलवायची.

"हाव," ती म्हणाली. "मले बी वाटलं, आज परीक्षा हाये पोरीची. सायबासमोर असंन, म्हून कापला. मंग म्या पुन्हा नाही केला."